चेपॉकच्या दोन मॅच धरून चेन्नई: सहा जण, एप्रिल अखेर, प्लॅन बघून सांगा

कोथरूडची_सूनबाई

नमस्कार मंडळी, चेन्नईचं माहीत असणाऱ्यांनी जरा इकडे लक्ष द्या. एप्रिलच्या शेवटी मुलांच्या परीक्षा संपल्या की आठवडाभर चेन्नईला जायचं चाललंय आणि निमित्त आहे आयपीएल. लेक बारा वर्षांची, अकॅडमीत कीपिंग करते आणि पुण्यात राहून वर्षभर पिवळा टीशर्ट घालून हिंडते, तिला मॅच चेपॉक स्टेडियमवरच बघायचीये. २०१८ ला कावेरीच्या पाण्याच्या भानगडीमुळे चेन्नईच्या मॅच आपल्या पुण्याच्या गहुंजे स्टेडियमला आल्या होत्या तेव्हा ती फारच लहान होती, त्याचं दुःख तिला आत्ता होतंय.

एक मॅच शुक्रवारी आणि दुसरी पुढच्या बुधवारी, दोन्ही रात्री साडेसातच्या. सोबत नवरा, सहा वर्षांचा मुलगा आणि सासू-सासरे. सासऱ्यांना क्रिकेटचं भयंकर वेड पण गुडघे कुरकुरतात, सासूबाईंना क्रिकेटमध्ये काडीचा रस नाही, त्यांना देवळं आणि साड्या. शिवाय सासऱ्यांचं म्हणणं की एवढं लांब जातोय तर तंजावर बघितल्याशिवाय परत यायचं नाही.

आत्ताचा प्लॅन असा आहे. गुरुवारी संध्याकाळी विमानाने पोचायचं. शुक्रवारी सकाळी एग्मोरचं म्युझियम आणि सेंट जॉर्ज किल्ला, दुपारी मरीना, तिथूनच मॅचला. शनिवारी सकाळी सहाला निघून महाबलीपुरम. रविवारी तंजावर जाऊन येऊन. सोमवार-मंगळवार पाँडिचेरी. बुधवारी मॅच, गुरुवारी परत. हॉटेल टी नगरला बघतोय कारण सासूबाईंची खरेदी. सहाही जणांची दोन्ही मॅचची तिकिटं काढायची का? आणि उन्हाचं काय? नवरा म्हणतो काही नाही होत, आपण काय लंडनहून चाललोय का.

मैलापूरवाला

ताई, प्लॅन वाचूनच दम लागला. बरीच वर्षं इथे नोकरीनिमित्त आहे म्हणून मोकळेपणाने सांगतो, राग मानू नका.

पहिली गोष्ट, एग्मोरचं म्युझियम शुक्रवारी बंद असतं. किल्ल्यातलं म्युझियमही शुक्रवारीच बंद. म्हणजे तुमची पहिली सकाळ तिथेच गेली. या भागात प्रत्येक ठिकाणाची सुट्टी वेगळ्या वारी आहे आणि बाहेरून येणारे सगळे यातच फसतात. मगर बँक सोमवारी बंद, दक्षिणचित्र मंगळवारी बंद, गिंडीचा स्नेक पार्क आणि वंडलूरचं झूसुद्धा मंगळवारी बंद. त्यामुळे आधी मॅचचे वार कॅलेंडरवर टाका, मग हे बंदचे वार टाका, आणि जे उरेल त्यातच फिरायचं.

दुसरं म्हणजे मरीना दुपारी नको. एप्रिलअखेरीला दुपारी एक-दोनला त्या वाळूवर कोणी उभं राहत नाही हो, कावळेसुद्धा नाहीत. समुद्राकडचा वारा दुपारनंतर सुटतो, तोवर नुसती घामाची आंघोळ. पुण्यात चाळीस डिग्री सहन करणारे इथल्या छत्तीसला आडवे होतात कारण घाम वाळतच नाही. साहेबांना सांगा लंडनवाले निदान टोपी घालतात.

तिसरं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, मॅचच्या दिवशी दुपारी चारपर्यंत काहीही ठेवू नका. सकाळी लवकर एखादं जवळचं देऊळ, इडली-कॉफी, मग खोलीवर एसी लावून झोपा. साडेसातची मॅच साडेअकराला संपते, गर्दीतून बाहेर पडून हॉटेलवर पोचेपर्यंत साडेबारा, मग पोरं अर्धा तास तोंडाने कॉमेंट्री करणार. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला महाबलीपुरमला कोण उठणार? तुम्ही उठाल, बाकीचे पाच नाही.

हॉटेल टी नगरला घेऊ नका, ट्रिप्लिकेन, रॉयपेट्टा किंवा मैलापूर बघा. स्टेडियम, मरीना आणि पार्थसारथीचं देऊळ सगळं त्याच पट्ट्यात आहे. टी नगरला खरेदीपुरतं जा आणि या. विमानतळावरून मेट्रोची ब्लू लाइन थेट गव्हर्नमेंट इस्टेट स्टेशनला येते, कुठे बदलायची नाही, आणि तिथून स्टेडियम चालत आहे. गेले काही सीझन मॅचचं तिकीट दाखवलं की मेट्रो फुकट होती आणि मॅच सुटल्यावर उशिरापर्यंत गाड्याही सोडत होते, यंदाचं तेवढं तिकीट काढताना बघून घ्या. चेपॉक नावाचं लोकलचं स्टेशन तर स्टेडियमला चिकटूनच आहे पण ते उंचावर आहे, जिने चढावे लागतात, काकांच्या गुडघ्यांना मेट्रोच बरी.

तंजावर एका दिवसात जाऊन येऊन अजिबात नाही, एका बाजूचंच अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. त्यावर नंतर लिहितो, आत्ता मीटिंग आहे.

सिली_पॉइंट

सगळं बरोबर पण मूळ प्रश्न कोणी विचारतच नाहीये, आयपीएलच का? सासरेबुवांना खरं चेपॉक दाखवायचं असेल तर टेस्टला न्या. १९८३ ला गावसकरने वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद २३६ इथेच मारले, तिसावं शतक, ब्रॅडमनच्या पुढे गेला तो याच मैदानावर. १९८६ ची ऑस्ट्रेलियाची टाय टेस्ट इथलीच, शास्त्री नाबाद ४८ वर एका टोकाला उभा आणि शेवटचा मनिंदर एलबीडब्ल्यू, दोघांचे रन सारखे. १९९९ ला सचिनच्या १३६ नंतर आपण बारा रनांनी हरलो आणि अख्ख्या चेपॉकने उभं राहून पाकिस्तानच्या टीमसाठी टाळ्या वाजवल्या, तसं पब्लिक दुसरीकडे दाखवा मला. आयपीएलला काय, दर ओव्हरला डीजे आणि शिट्ट्या, शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. टेस्टचं तिकीट स्वस्त, दिवसभर बसा, कंटाळा आला तर लंचनंतर निघून म्युझियम बघून या, संध्याकाळी मोकळे. फॅमिली ट्रिपला टेस्टसारखी गोष्ट नाही. सप्टेंबर २०२४ ला बांगलादेशची टेस्ट इथेच झाली होती, अश्विनची सेंच्युरी घरच्या मैदानावर.

कोथरूडची_सूनबाई

@सिली_पॉइंट, तुमची पोस्ट सासऱ्यांना वाचून दाखवली, ते तेव्हापासून टाय टेस्टबद्दल बोलतायत आणि मला अजून स्वयंपाक करायचाय. पण टेस्टचं वेळापत्रक आणि शाळेच्या सुट्ट्या यांचं कधी जमलंय का? आणि लेकीला टेस्ट म्हटलं तर तोंड वाकडं करते.

@मैलापूरवाला, शुक्रवारचं सांगितलंत ते फार बरं झालं, मी तर म्युझियमचे फोटोही मुलांना दाखवून ठेवले होते. तंजावरचं लिहाच. आणि सासूबाई व धाकट्याला मॅचला न्यायचं की नाही यावरून घरात दोन पार्ट्या पडल्यात.

आंबेमोहर

धाकट्याला नेऊ नका असं मी म्हणेन. आम्ही आमच्या साडेपाच वर्षांच्याला नेलं होतं (चेपॉक नाही, वानखेडे), पहिल्या सहा ओव्हर मजा आली, मग आवाजाने कान झाकून बसला आणि दहाव्या ओव्हरला मांडीवर झोपला, पुढची सगळी मॅच मी त्याचं डोकं सांभाळत बघितली म्हणजे बघितलीच नाही. न्यायचंच असेल तर कानांवर लावायचे हेडफोन मिळतात लहान मुलांचे, ते घ्या. पाण्याची बाटली, पॉवर बँक, मोठी पर्स, डबा यातलं काही आत सोडत नाहीत त्यामुळे पोराला आधीच पोटभर खाऊ घालून न्यायचं.

पैशांचंही बघा ना, २०२५ ला चेन्नईचं सगळ्यात स्वस्त तिकीट १७०० चं होतं. सहा जण म्हणजे एका मॅचचे दहा हजाराच्या वर आणि दोन मॅचचे वीस हजार, त्यातल्या दोघांना मॅच बघायचीच नाहीये. त्यापेक्षा शुक्रवारी चौघं जा, आणि बुधवारी फक्त बापलेक. त्या दोन्ही संध्याकाळी सासूबाई नातवाला घेऊन मैलापूरला. कपालीश्वराचं देऊळ दुपारी बारा ते चार बंद असतं, चारनंतर उघडलं की संध्याकाळी तिथे फार छान वाटतं, गोपुरावर दिवे लागतात, बाहेर गजरेवाल्या, पितळी भांड्यांची दुकानं, चारही बाजूंच्या रस्त्यांना माडा स्ट्रीट म्हणतात तिथे हिंडायला दोन तास कमी पडतील. साड्यांचीही दुकानं आहेत, त्यामुळे कांचीपुरमला मुद्दाम जायची गरज नाही, तिकडे जाण्यायेण्यात दीडशे किलोमीटर होतात.

हॉटेलचं एक. मॅचच्या तारखांना स्टेडियमजवळचे रेट वाढतात आणि काही जण आधीचं स्वस्तातलं बुकिंग ऐनवेळी 'सिस्टिममध्ये दिसत नाही' म्हणून उडवतात, माझ्या बहिणीला एका लॉजवाल्याने रात्री नऊला असंच बाहेर उभं केलं होतं. पोचायच्या आदल्या दिवशी फोन करून नावनिशी कन्फर्म करा, आणि सासू-सासऱ्यांसाठी खालचा मजला किंवा लिफ्ट आहे का तेही फोनवरच विचारा, साइटवर सगळ्यांनाच लिफ्ट असते.

मैलापूरवाला

आंबेमोहर यांना शंभर टक्के अनुमोदन. चेपॉकहून मैलापूरला लोकलने चार स्टेशनं, तिरुमयिलै नावाचं स्टेशन. सासूबाई आणि धाकटा मैलापुरात असतील तर मॅचवाल्यांना काळजी नाही.

आता तंजावर. पाँडिचेरी काढून टाका. पाँडिचेरी वाईट नाही, पण मे महिन्याच्या तोंडावर पिवळ्या भिंतींपुढे फोटो काढत उन्हात हिंडायचं, त्याऐवजी रविवार-सोमवार तंजावर करा. सकाळची चोळन एक्स्प्रेस पकडा, चिदंबरम, कुंभकोणम करत साधारण सहा तासांत पोचवते. गाडी एग्मोरहून आहे की तांबरमहून ते तिकिटावर नीट बघा, स्टेशनचं काम चालू असलं की गाड्या हलवतात आणि ऐनवेळी धावाधाव होते. आरक्षण आता फक्त साठ दिवस आधी उघडतं त्यामुळे तारीख लक्षात ठेवा.

पोचल्यावर संध्याकाळी बृहदीश्वर, दुपारी नाही, त्या फरशीवर अनवाणी पाय ठेवता येत नाही. राजराजा चोळाचं हे देऊळ हजार वर्षांपूर्वीचं, ते तर सगळे बघतात, पण काकांना मुद्दाम तिथल्या भिंतीवरचा मराठी शिलालेख दाखवा. तंजावरच्या सरफोजीराजे भोसल्यांनी १८०३ साली आपल्या घराण्याचा अख्खा इतिहास तिथे कोरून घेतलाय. तमिळ मुलखात एवढ्या मोठ्या देवळाच्या भिंतीवर ओळीच्या ओळी मराठी वाचताना काय वाटतं ते काका येऊन सांगतीलच. सोमवारी सकाळी राजवाडा आणि सरस्वती महाल ग्रंथालय, संध्याकाळच्या गाडीने किंवा रात्री झोपून परत.

आणि तंजावर अगदीच जमलं नाही तर चेन्नईतच जॉर्ज टाउनला तंबू चेट्टी स्ट्रीटवर काळीकांबाळचं देऊळ आहे. दक्षिण दिग्विजयाच्या वेळी ३ ऑक्टोबर १६७७ ला शिवाजी महाराज इथे दर्शनाला आले होते असं देवळात लिहून ठेवलंय. इथे येणाऱ्या मराठी पाहुण्यांना मी आधी तिथेच नेतो.

दर्यावर्दी

महाबलीपुरमबद्दल कोणीच नीट बोललं नाही म्हणून लिहितोय. शनिवारी सकाळी लवकर नको हे पटलं, पण मग शनिवारी दुपारी तीनला निघा ना. ईसीआरने (ईस्ट कोस्ट रोड) साठेक किलोमीटर, वाटेत दक्षिणचित्र लागतं (शनिवारी चालू असतं), तिथे जुनी दक्षिणी घरं आणून पुन्हा उभी केलीत, आजींना अंगण-ओसरी बघून बरं वाटेल. रात्री महाबलीपुरमलाच मुक्काम. सकाळी उजाडताच किनाऱ्यावरचं देऊळ आणि पंचरथ, दोन्हीकडे सावली नावालाही नाही, नऊ-साडेनऊला आटपा. चाळीस रुपयांचं तिकीट दोन्हीला चालतं आणि पंधरा वर्षांखालच्यांना फुकट. पोरांना अर्जुनाच्या तपश्चर्येचं ते भलंमोठं शिल्प दाखवा, त्यात एक मांजर साधूसारखं हात वर करून तप करतंय आणि पायाशी उंदीर जमलेत. कृष्णाचा लोण्याचा गोळा म्हणजे उतारावर अडकून राहिलेला प्रचंड दगड, तिथे सगळेच तो ढकलतानाचा फोटो काढतात, तुम्हीही काढणार.

आणि हे लिहून ठेवा, महाबलीपुरम असो की मरीना, पाण्यात उतरायचं नाही. कोकणातल्या पुळणीची सवय असते आपल्याला, गुडघाभर पाण्यात अर्धा किलोमीटर जाता येतं कुठे कुठे, इथे तसं नाही, किनारा एकदम खोल होतो आणि ओढ जबरदस्त आहे, दरवर्षी माणसं जातात. मरीनावर संध्याकाळी वाळूत बसा, नारळ-कैरी घातलेलं वाटाण्याचं सुंडल आणि मिरचीची भजी खा, बास.

एक गंमत, एप्रिलमध्ये अजून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं निघत असतात. बेझंट नगरच्या किनाऱ्यावर वनखात्याची हॅचरी आहे, पिल्लं निघाली असली तर संध्याकाळी समुद्रात सोडतात. आपल्या कोकणातल्या वेळासला जी गर्दी होते त्या मानाने निवांत. शेवटचा आठवडा म्हणजे सीझन संपत आलेला असतो, पण धाकट्याला मॅच नाही तर निदान कासव तरी.

सिली_पॉइंट

ट्रिप्लिकेनला राहणार असाल तर रत्ना कॅफेची इडली. प्लेटमध्ये इडली आणि वरून सांबार ओततात, मागाल तेवढं. सासऱ्यांना न्या, टाय टेस्टचा विषय तिथेच काढा, शेजारच्या टेबलावरचे मामा आपणहून सामील होतील, भाषा आडवी येत नाही. आणि आजोबांना चढायला लावू नका, वरच्या टियरचे जिने भलतेच उभे आहेत, तिकीट खालच्या टियरचंच काढा.

कोथरूडची_सूनबाई

सगळ्यांचं वाचून काल रात्री सगळे जेवणाच्या टेबलावर बसलो आणि बरंच भांडून असं ठरलंय.

गुरुवारी दुपारच्या विमानाने, मुक्काम ट्रिप्लिकेन. शुक्रवारी सकाळी पार्थसारथी, इडली, मग झोप, संध्याकाळी चौघं मॅचला, आजी-नातू मैलापूरला. शनिवारी आरामात उठून दुपारी दक्षिणचित्र करत महाबलीपुरम मुक्काम, रविवारी सकाळी देवळं आणि अकरापर्यंत परत. मग तंजावर रविवार रात्र ते मंगळवार सकाळ, रात्रीच्याच गाड्यांनी, म्हणजे सकाळची चोळन बाद. सासूबाई म्हणाल्या दोन रात्री गाडीत झोपेन पण दिवसा उन्हात बसवू नका. मंगळवारी झोप आणि संध्याकाळी कासवं किंवा साड्या, जे निघेल ते. बुधवारी सकाळी एग्मोर म्युझियम (बुधवारी चालू आहे ना?), दुपारी झोप, संध्याकाळी बापलेक मॅचला. काळीकांबाळ गुरुवारी सकाळी, मग विमानतळ.

नवऱ्याचा एकच मुद्दा राहिलाय, तो म्हणतो तिकिटं ऑनलाइन मिळाली नाहीत तर स्टेडियमबाहेर मिळतीलच की.

मैलापूरवाला

म्युझियम बुधवारी चालू. नटराजाची ब्राँझ गॅलरी आधी बघा, मग आंध्रातल्या अमरावतीची शिल्पं, बाकी स्टफ केलेले प्राणी धाकट्यासाठी. फक्त नवरोजींना सांगा, मॅचच्या दिवशी दुपारी झोपायचं म्हणजे झोपायचं, म्युझियममधून बाराला बाहेर.

बाहेरच्या तिकिटांच्या नादी लागू नका. वॉलाजा रोडवर ब्लॅकवाले उभे असतात, चौपट-पाचपट मागतात आणि त्यातली किती खरी निघतील ते गेटवर स्कॅन झाल्यावरच कळतं. ऑनलाइन विक्री उघडायच्या आधी रांगेत नंबर लागतो, अक्षरशः मिनिटांत संपतात. घरातल्या चार जणांच्या चार फोनवर चार लॉगिन करून बसा, लेकीला एक फोन द्या, तिचा हात सगळ्यात भरभर चालेल. आणि विमानाची तिकिटं त्याच्या आधी काढू नका, किंवा काढायची असतील तर तारीख बदलता येणारी काढा, कारण कधीकधी मॅचच्या तारखा हलतात.

आंबेमोहर

आणि मॅचची तिकिटं नाहीच मिळाली तरी जाच हो. सासूबाईंची ट्रिप तर मॅचवर अवलंबूनच नाहीये.

कोथरूडची_सूनबाई

ते मी घरात बोलले तर लेक मला घराबाहेर काढेल. विक्री उघडली की इथे कळवते, तोवर आरक्षणाचे साठ दिवस मोजायला बसते.